डेंट हरवल्याची तक्रार

ज्यांच्यामुळे मी इंजिनियर झालो ते नामपूरचे आहिरे गुरुजी आमच्या वर्कशॉपच्या गेटवर उन्हात उभे होते आणि वॉचमन त्यांना आत सोडत नव्हता. गुरुजींजवळ गाडी नव्हती, एवढंच कारण. "गाडी मागून येतेय," असं ते त्याला समजावत होते. "मग गाडीबरोबर या," असं तो त्यांना समजावत होता. मी धावत गेलो आणि सगळ्या वर्कशॉपदेखत त्यांच्या पाया पडलो. वॉचमननं मग त्यांना सलाम ठोकला आणि स्टूलही आणून दिलं.

ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. नाशिकला आग्रा रोडवरच्या एका मोटार वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस इंजिनियर होतो. माझे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात हमाल. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. इंजिनियरिंगचा फॉर्म गुरुजींनी भरला, एसटीनं मला पुण्याला तेच घेऊन गेले आणि इंटरव्ह्यूसाठी स्वतःची पँट दिली. ती कमरेला इतकी मोठी होती की सगळा इंटरव्ह्यू मी एक हात खिशात घालून दिला. एक प्रोफेसर दुसऱ्याला म्हणाले, "मुलगा उद्धट दिसतो, पण उत्तरं बरोबर देतो." मला ॲडमिशन मिळाली.

तर गुरुजी स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि तेवढ्यात गाडी आली. पांढरी, धुतलेली, नवीच. गुरुजींचे जावई विलासराव चालवत होते. बॉनेटच्या मध्यावर परातीएवढा खड्डा होता. आम्ही त्याला डेंट म्हणतो, गुरुजी पोचा म्हणत होते.

"शांताराम, हा तुझ्या दामूमामांनी पाडला," गुरुजी म्हणाले.

दामूमामा म्हणजे गुरुजींचे मेहुणे, कांद्याचे व्यापारी. देह दणकट. गेल्या वर्षी गुरुजींच्या मुलीचं, सुमनचं लग्न झालं. वरात नामपूरच्या बाजारपेठेत थांबली, मामा बँडसमोर मनसोक्त नाचले, दमले आणि मागे वळून जे पहिलं दिसलं त्यावर बसले. ते व्याह्यांच्या गाडीचं बॉनेट होतं. व्याही रंगनाथराव थेटे गाडीत पुढच्याच सीटवर होते. त्यांना काचेतून रस्ता दिसायचा बंद झाला आणि मामांची पाठ दिसू लागली. मग 'भप्' असा आवाज आला.

रंगनाथराव, म्हणजे विलासरावांचे अप्पा, देवळालीकडचे, वीटभट्टीचे मालक. त्या काळी गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यांनी ती बघितली होती. गाडी हातात आली आणि पंधरा दिवसांत तिच्यावर कोणीतरी बसलं. मनात अढी बसली. दिवाळीला सुमनला माहेरी पाठवलं नाही. संक्रांतीलाही नाही. गुरुजींचा निरोप गेला की उलट निरोप एकच यायचा: "आधी बॉनेट, मग माहेर."

आता आखाजी आठवड्यावर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या बागलाणात ती सासुरवाशिणींची दिवाळी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला लेक आली नाही तर सारं गाव येता-जाता विचारतं, आणि प्रत्येकाला तेच उत्तर द्यावं लागतं.

"गावाचं मी बघीन रे," गुरुजी म्हणाले, "पण सुमनच्या आईनं निंबाला दोर बांधून ठेवलाय. रोज जाऊन तो ओढून बघते."

"मग डेंट काढून टाकू," मी म्हणालो. "एका दिवसाचं काम."

विलासराव खाली बघत म्हणाले, "अप्पांची एक अट आहे. कंपनीचा रंग तसाच राहिला पाहिजे. एक ठिपकासुद्धा नवा रंग नको."

ही अट समजण्यासाठी थोडं सांगायला हवं. डेंट काढायची नेहमीची रीत अशी: एका बाजूला लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्या बाजूनं हातोडी मारायची. पत्रा वर येतो, पण रंगाच्या खपल्या उडतात. मग खरवडायचं, लांबी भरायची, म्हणजे पुट्टी, घासायचं, आणि वरून स्प्रे मारायचा. जुन्या-नव्या रंगाचा मेळ कधीच बसत नाही. पांढऱ्याचेही दहा प्रकार असतात. शिवाय रंगवलेली गाडी म्हणजे ॲक्सिडेंटची गाडी, असा लोकांचा समज. रंगनाथरावांचे तीन ट्रक होते. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. न जमणारी अट घालून ते निवांत बसले होते.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "शांताराम, रंगाला हात न लावता पोचा निघतो का?"

गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर येवो न येवो, हात वर करायचा, ही आमची चौथीपासूनची सवय. "निघतो," मी म्हणालो.

अगदीच हवेत बोललो नव्हतो. ट्रेनिंगला मुंबईच्या कारखान्यात गेलो तेव्हा मी एक गोष्ट पाहिली होती. रंग होऊन पुढे आलेल्या बॉडीला कुठे बारीक चेप आला तर तिथला एक म्हातारा कामगार ती परत रंगाला पाठवत नसे. वाकड्या टोकाचा रॉड आतून घालून तो चेप हळूहळू वर दाबून काढायचा. मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ उभा राहिलो होतो. स्वतः कधी केलं नव्हतं.

गुरुजी संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. व्याह्यांसमोर उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. जाताना एवढंच म्हणाले, "काय होईल ते पत्रानं कळव."

आमचे वर्क्स मॅनेजर कुलकर्णी साहेब फार कमी बोलत. त्यांनी विचारलं, "जमलं नाही तर?"

"रंगवून देऊ, साहेब."

"रंगवलेली तो घेणार नाही."

"मग?"

"मग तू घे."

आमचा डेंटर बशीरभाई तर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "साहब, डेंट निकलेगा तो पेंट लगेगा. ये कानून है."

स्प्रिंगच्या पोलादाचे दोन रॉड मी द्वारका नाक्याजवळच्या लोहाराकडून टोकाला वाकवून आणले. टोकं काचेसारखी गुळगुळीत घासली, कारण टोक बोचलं तर पत्र्याला वरून फोड येतो. गाडी उन्हात ठेवली. गरम रंग थोडा नरम असतो, लगेच तडकत नाही. मग ती शेडमध्ये ट्यूबलाइटखाली घेतली. या कामात डोळ्यांनी डेंट बघायचा नसतो, रंगातलं ट्यूबचं प्रतिबिंब बघायचं. पत्रा सपाट असेल तिथे रेघ सरळ दिसते, डेंट असेल तिथे वाकते. बॉनेट उघडून खालून रॉड घालायचा आणि डेंटच्या कडेकडेनं आत जात दाबायचं. सुपारीएवढी जागा, मग शेजारची. घाईनं मध्येच दाबलं तर सगळं फसतं.

नशिबानं मामा मऊ होते. खड्डा मोठा पण उथळ होता. कुठे घडी नव्हती, रंग तडकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्यूबची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसली. बशीरभाईनं डोळे मिटून बॉनेटवरून तळहात फिरवला. डोळे उघडून म्हणाला, "किधर था?"

मला फार आनंद झाला. विलासराव गाडी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "सुमननं सांगितलंय, शांतारामदादाला म्हणावं, मी पिशवी भरायला घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडायच्या आत रंगनाथराव गाडीसह हजर. सोबत विलासराव, मान खाली.

"इंजिनियर कोण हाय?"

"मी."

"माझं बॉनेट कुठंय?"

मी गाडीकडे बघितलं. "हे काय, गाडीवरच आहे."

"हे माझं नाय. माझ्याला पोचा होता."

"तोच काढला ना."

"काढला तर रंग कुठं लावला?"

"लावला नाही. तुमचीच अट होती."

"मग निघाला कसा? डेंट काढला की रंग लागतो. मला नको शिकवू. माझे तीन ट्रक हायेत." ते बशीरभाईकडे वळले. "काय मिस्त्री, लागतो का नाय?"

"लगता है," बशीरभाई प्रामाणिकपणे म्हणाला.

"झालं! बॉनेट बदललं तुम्ही. व्याह्यानं दुसरं आणून दिलं आणि तुम्ही बसवलं."

मी काठावरचा जुना टवका दाखवला. "तेवढा कोणीबी पाडील." आतल्या बाजूचा ग्रीसचा डाग दाखवला. "ग्रीस तुमच्याकडं डबाभर असंल." मग त्यांचा आवाज जरा खाली आला आणि खरं दुखणं बाहेर पडलं. "अहो, वर्षभर मी लोकांना तो पोचा दाखवतोय. आला पाहुणा की आधी अंगणात नेतो, मग चहा. काल नगरचे पाहुणे आले. म्हटलं, बघा आमच्या व्याह्यांचा आहेर. बघतो तर आरसा! पाहुणे म्हणाले, कुठं काय? मी खोटा पडलो ना!"

कुलकर्णी साहेबांनी जॉब कार्ड पुढे ओढलं. गाडी आली की ग्राहकाची तक्रार त्यावर लिहायची, हा नियम. त्यांनी शांतपणे लिहिलं: डेंट सापडत नाही.

"साहेब, आता काय करायचं?" मी विचारलं.

"ग्राहकाला विचार."

ग्राहक तयारीनंच आले होते. "तोच पोचा माझ्या डोळ्यादेखत परत पाडायचा. त्याच माणसानं पाडायचा. आणि मग माझ्या डोळ्यादेखत रंग न लावता काढायचा. निघाला तर मानीन बॉनेट माझंच हाय. त्याच दिवशी सून आखाजीला धाडीन. नाय निघाला तर पुढल्या आखाजीचं बी बोलू नका."

मी पोस्टात जाऊन नामपूरला तार केली. शब्द वाचवायचे म्हणून एवढंच लिहिलं: 'मामांना पाठवा. गाडीवर बसायचे आहे.' नंतर कळलं की तार वाचून गुरुजींच्या घरात कोणाचं तरी लग्न ठरल्याची चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी दामूमामा पहिल्या गाडीनं आले. मी त्यांना ओळखलंच नाही. वर्षभर बहिणीसमोर तोंड दाखवायची लाज वाटून त्यांनी तिच्याकडचं जेवण सोडलं होतं, आणि स्वतःच्या घरीही भूक लागेना. गालफडं बसली होती. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

रंगनाथरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा तो नाय."

"मीच शे, भाऊसाहेब," मामा हात जोडून म्हणाले. "दामू."

"तो जाड होता. आता मामा बी बदलला का तुम्ही?"

विलासराव पहिल्यांदाच बोलले. "अप्पा, ते मामाच आहेत. वाळलेत."

"मग वजन भरून काढा."

यात काही चूक आहे असं तिथे कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही. आम्ही सगळे गंभीरपणे विचार करू लागलो. बशीरभाईनं ट्रकची बॅटरी सुचवली. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. मामांना बॉनेटकडे पाठ करून उभं केलं. त्यांनी आधी बॉनेटला हात लावून नमस्कार केला, मग टेकले. आम्ही दोघांनी बॅटरी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

काही झालं नाही.

"उठा, परत बसा," रंगनाथराव म्हणाले.

मामा बॅटरी पोटाशी धरून उठले, परत बसले. पुन्हा काही नाही. याचं कारण साधं आहे. पत्रा एकदा वाकला आणि दाबून सरळ केला की त्या जागी तो आधीपेक्षा थोडा कडक होतो. मी ते समजावून सांगितलं. रंगनाथराव म्हणाले, "बघा! म्हणजे हे बॉनेट तेच नाय."

मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शांताराम, मन्ही भाची आखाजीले येवाले पाहिजे रे. आते मी काय करू? उडी मारू का?"

"मामा, तुम्ही फक्त बसा."

"अरे, असं नाय!" रंगनाथरावांचा धीर सुटला. "हे काय बसणं झालं? पाटावर बसल्यावानी टेकतोय! तो टेकला नव्हता, आदळला होता! बाजूला व्हा."

मामा बाजूला झाले, बॅटरीसकट. रंगनाथराव बॉनेटकडे पाठ करून उभे राहिले. धोतराचा सोगा त्यांनी सावरला. "असा नाचत आला," म्हणत त्यांनी दोन पावलं नाचून दाखवली. "असे हात वर केले. आणि असा!"

'भप्.'

वर्कशॉपमध्ये कुठेतरी पाना पडला, तो आवाज मला अजून आठवतो. रंगनाथराव बॉनेटच्या पुढच्या कडेवर बसले होते आणि उठत नव्हते. उठले की दिसणार होतं. ते समोर भिंतीकडे बघत राहिले. आम्हीही भिंतीकडे बघितलं. तिथे ऑइलचं कॅलेंडर होतं.

थोड्या वेळानं कुलकर्णी साहेब म्हणाले, "चहा सांगू?"

"सांगा," रंगनाथराव म्हणाले.

चहा आला. त्यांनी तो बॉनेटवर बसूनच घेतला. कपबशी कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून विलासराव ती धरून उभे राहिले. बशीरभाई उगाच एक चाक तपासू लागला.

शेवटी मामांनी बॅटरी खाली ठेवली, हात पुसले आणि पुढे झाले. "भाऊसाहेब, उठा. कोणी काही बघं नही. हाऊ पोचा बी मन्हाच म्हना. गावमा मन्हं नाव खराब शेच, आनखी एक लागी तर काय मोठं?"

रंगनाथरावांनी त्यांच्या लोंबत्या सदऱ्याकडे बघितलं. वर्षभरात मामांशी ते पहिल्यांदाच नीट बोलले असावेत. "पाहुणे, जेवत नाय का तुम्ही?"

"जात नही, भाऊसाहेब. घास फिरस तोंडमा."

रंगनाथराव उठले. मागे वळून त्यांनी पाहिलं. आम्हीही पाहिलं. "सगळा तुमचा नको," ते म्हणाले. "निम्मा तुमचा, निम्मा माझा."

"कसा निम्मा?" मामांनी प्रामाणिकपणे विचारलं.

"तुम्ही बसला नसता तर मी बसलो असतो का?"

मामांनी विचार केला आणि मान डोलावली. हिशेब त्यांना पटला.

मी वाकून तपासलं. हा डेंट मामांच्यासारखा नव्हता. पुढच्या कडेला पत्र्याची घडी पडली होती आणि घडीवर रंग तडकला होता. असा डेंट रंगाला हात न लावता निघत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं.

"मग राहू दे," रंगनाथराव म्हणाले.

"रंगवून देतो, मेळ बसवायचा प्रयत्न करतो."

"राहू दे म्हटलं ना. कंपनीचा रंग हाय." मग ते विलासरावांवर खेकसले, "कपबशी धरून काय उभा राहिलास? घरी जा, सूनबाईला सांग पिशवी भरली का बघ."

"ती परवाच भरलीय, अप्पा."

कुलकर्णी साहेबांनी जॉब कार्ड पूर्ण केलं. 'डेंट सापडत नाही' याच्यासमोर लिहिलं: 'सापडला.' खाली रंगनाथरावांची सही घेतली.

पुढे या पद्धतीनं मी बरेच डेंट काढले आणि बशीरभाईलाही ते जमू लागलं. पण त्या दिवसानंतर एक नियम पाळला. काम पूर्ण करून गाडी कधी दिली नाही. डेंटचा शेवटचा सुपारीएवढा तुकडा ठेवायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर काढायचा. काम झालेलं बघून लोकांचा विश्वास बसत नाही. होताना बघितलं की बसतो.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गुरुजींना पत्र लिहिलं आणि मामांच्याच हाती दिलं, म्हणजे ते गाडीच्या आधी पोचेल:

तीर्थरूप गुरुजी यांस,
शांतारामचा साष्टांग नमस्कार.
काम झाले. सुमन उद्या येत आहे. रंगनाथराव स्वतः गाडीतून सोडायला येणार आहेत. मामांना आजच जेवायला बसवावे. ते आता तुमच्या घरी जेवतील.
गाडीच्या बॉनेटवर पुढच्या कडेला एक डेंट दिसेल. तो मला काढता आला नाही याबद्दल क्षमा असावी. तो कोणी पाडला हे रंगनाथरावांना विचारू नये. मामांनाही विचारू नये. दोघेही वेगवेगळे सांगतील आणि दोघांचेही बरोबर असेल.
सुमनच्या आईला सांगावे, दोर पुन्हा एकदा ओढून बघावा.
आणि एक विनंती. गाडी अंगणात येण्याआधी दोन खुर्च्या मांडून ठेवाव्यात. शाळेतल्या पत्र्याच्या आणू नयेत. लाकडी ठेवाव्यात.
आपला,
शांताराम